शेवटची काच

रुग्णालयाच्या लिफ्टला सगळ्यात खालचं एक बटण होतं. चुकून ते दाबलं जाऊन दार उघडलं, की आतली माणसं समोरचा ओलसर बोळ बघायची, औषधाचा उग्र वास घ्यायची आणि म्हणायची, "हा नव्हे, वरचा." दार मिटायचं. त्या बोळाच्या टोकाला एक लांबट खोली होती, आणि त्या खोलीत काचवाल्याचा सगळा जन्म गेला.

काचवाला हे काही त्याचं नाव नव्हे. पण पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठेच उरलं नव्हतं. वरच्या मजल्यांवर माणसांचे तुकडे निघायचे, ते बाटलीत बुडून त्याच्याकडे खाली यायचे. कुणाच्या गाठीचा, कुणाच्या आतड्याचा, एखादा तर सुईने काढलेला, शेवईच्या तुकड्याएवढा. काचवाला तो मेणात बसवायचा, ठोकळा बर्फावर गार करायचा, यंत्राला लावून चाक फिरवायचा. पात्यावरून इतके पातळ काप निघायचे, की जोरात श्वास सोडला तर उडून जातील. एकाला एक चिकटून त्यांची फीत व्हायची. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की खालून काच घालून अलगद उचलायची, मग तिला निळा आणि गुलाबी रंग चढवायचा. पुढचं काम डॉक्टरांचं. ते सूक्ष्मदर्शकातून बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहायचे.

हाताला यश होतं. बाकी सगळा आनंदच. चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. बायको म्हणायची, "तुम्ही घरी आलात हे मला वासावरून कळतं, बोलण्यावरून नाही." आणि ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, तर त्याला जन्मभर बावळ्या म्हणत आली. आई लवकर गेली, ताईने त्याला वाढवलं. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट ती शिवायची. तिथल्या भांडारवाल्याच्या मागे लागून लागून तिनेच याला चिकटवून दिलं. "वर ठेवू नका, माणसांत बुजतो," असं तिने भांडारवाल्याला सांगितलं होतं म्हणे. "कुठेतरी खाली द्या. गप्प बसायचं काम असेल तर सोनं करील."

त्याने सोनं केलं. पण आपल्याला कुणी काहीतरी विचारावं, निदान ताईने तरी कधी विचारावं, ही भूक मात्र आत तशीच राहिली.

ती भूक भागवली मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर. त्यांच्या टेबलावर दोन तोंडांचा सूक्ष्मदर्शक होता. दोन माणसांना एकाच वेळी एकच काच बघता यायची. संध्याकाळी ताटातल्या सगळ्या काचा संपत आल्या की बाई चष्मा कपाळावर सरकवून हाक मारायच्या, "या भाऊ. शेवटची काच तुमची."

तो हात पुसत पुसत दुसऱ्या तोंडाशी बसायचा.

"सांगा, काय दिसतं?"

"गाठ आहे बाई. वाईटातली."

"आणि हे निळे ठिपके?"

सुरुवातीला त्याला माहीत नव्हतं. मग बाईंनी शिकवलं. हे निळे गोल ठिपके म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी. रक्तातून येतात, परकं काही दिसलं की तुटून पडतात. गाठीच्या आत अशा दाट घुसलेल्या दिसल्या तर समजावं की शरीर स्वतः लढतंय, औषधालाही साथ देईल. "पलटण आली, भाऊ," बाई म्हणायच्या. "या माणसाचं बरं होईल."

पलटण हा शब्द त्याला फार आवडला. वर्षानुवर्षं शेवटची काच तो बघत राहिला आणि सांगत राहिला. पलटण आहे. पलटण नाही. बाई दरवेळी म्हणायच्या, "शाब्बास." त्या दिवशी काचवाला घरी जायचा तो चार बोटं उंच होऊन.

हळूहळू नात्यागोत्यात ही गोष्ट पसरली. कुणाच्या सासऱ्याचा, कुणाच्या चुलतभावाचा तुकडा तपासायला गेला, की आधी काचवाल्याला फोन. "भाऊ, तेवढं बघा ना. पलटण आहे का?" असं काही बाहेर सांगायचं नसतं हे त्याला माहीत होतं. पण कुणी अजिजीने विचारलं की त्याच्याच्याने राहवायचं नाही. डोळे मिटून, आवाज खाली आणून तो सांगायचा. आणि त्याचं सांगणं खरं ठरतं असा बोलबाला झाला. तो व्हायचाच. बरे झालेले लोक रस्त्यात भेटले की त्याचा हात धरायचे. जे बरे झाले नाहीत ते रस्त्यात भेटणार कसे?

या सगळ्या कौतुकात ताई कुठेच नव्हती. "पलटणवाला आलाय," एवढंच ती म्हणायची. "आधी शर्टाची बटणं नीट लाव."

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब तरुण होते, कामाशी काम ठेवणारे. माणूस वाईट नव्हता, पण शेवटची काच वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकावर कापडी खोळ चढली. काचवाला काचा तयार करायचा, ताट आत ठेवायचा आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जायचा.

अशात एका सकाळी एक बाटली खाली आली आणि तिच्यावर ताईचं नाव होतं.

ताईच्या छातीत गाठ होती हे त्याला अर्धवट कानावर आलं होतं. ताई ते कुणापाशी बोलली नव्हती. परगावी असलेली तिची मुलगी, म्हणजे याची भाची, रजा काढून आली, तिने पाहिलं आणि हाताला धरून तिला डॉक्टरांकडे नेलं. सुईने तुकडा काढला. तोच हा.

आपल्या माणसाचा तुकडा आपण कापू नये, शेजारच्याला द्यावा, असा त्या खोलीत न लिहिलेला नियम होता. काचवाल्याने बाटली शेजारी सरकवली नाही. त्याने ताईचा तुकडा स्वतः मेणात बसवला, स्वतः कापला. आयुष्यात इतका सुंदर काप त्याने काढला नसेल. आणि दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाची खोळ काढली, दिवा लावला आणि पहिल्यांदाच एकट्याने काच बघितली. समोरच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

गाठ होती. वाईटातली होती, त्यात शंका नव्हती. मग त्याने काच जरा सरकवली, आणि गाठीच्या कडेने निळ्या ठिपक्यांची दाट रांग दिसली. इतकी दाट, की जणू कुणी निळ्या दोऱ्याने काठ शिवलाय.

"पलटण!" तो मोठ्याने म्हणाला. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

काच साहेबांच्या ताटात ठेवून, डबा न उघडता तो तसाच ताईच्या दुकानात गेला.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस. ताईचं दुकान गणवेशांनी भरलेलं. करड्या कापडाचे तागे भिंतीला टेकून उभे, टेबलावर कापलेल्या बाह्यांचे ढीग, आणि मधोमध मशीनवर वाकलेली ताई, तोंडात दोन टाचण्या.

"काय रे बावळ्या, भर दुपारी? काढून टाकलं की काय?" टाचण्यांमधूनच तिने विचारलं.

"ताई, तुझी काच बघितली."

मशीन थांबली. तिने टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. एक, मग दुसरी.

"आहे का?"

"आहे."

रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली. ताईने मांडीवरची बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"पण ताई, पलटण आली आहे," तो घाईघाईने म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. राखणदार पेशी काय असतात, कशा येतात, त्यांनी कडेने कसा वेढा घातलाय. उभ्या जन्मात ताईसमोर तो इतका बोलला नव्हता. आणि ताई ऐकत होती. मधे टोकलं नाही, हसली नाही, बटणं लाव म्हणाली नाही.

"म्हणजे माझं अंगच लढतंय म्हण की."

"लढतंय."

"ते डॉक्टर म्हणत होते, लगेच औषधं सुरू करायची. शिरेतून देतात ती. केस जातात, अन्न जात नाही, मशीनवर बसवत नाही." तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात बावळ्या नव्हता. "तू सांग. तू इतकी वर्षं बघतोयस. थोडं थांबले तर चालेल का? हा हंगाम तेवढा हातावेगळा करते. इतक्या पोरांचे कपडे मधेच कुणाच्या गळ्यात घालू?"

ते डॉक्टरांना विचार, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठाशी होते. पण ताईने त्याला विचारलं होतं. सगळा जन्म ज्याची वाट बघितली ते विचारणं असं समोर आलं, आणि त्याला ते परत करवेना.

"घाई काय आहे," तो म्हणाला. "हंगाम उरकून घे."

ताईने मोठा श्वास सोडला. "बघ, उपयोगाचा निघालास शेवटी," ती म्हणाली आणि त्याला चहा मागवला. दुकानातून त्याला चहा मिळण्याची ही पहिलीच वेळ.

अहवालात कॅन्सर आला. औषधाच्या डॉक्टरांनी तारीख दिली, ताईने ती घेतली नाही. भाचीचा फोन आला.

"मामा, तू आईला थांबायला सांगितलंस?"

"अगं, ती घाबरली होती..."

"सांगितलंस की नाही?"

"मी आयुष्यभर काचा बघतोय, पोरी."

फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

काही दिवसांनी साहेबांनी ताईच्या ठोकळ्यावर आणखी एक रंग मागितला. हा रंग वेगळा असतो. ज्या जातीच्या पेशी शोधायच्या, तेवढ्याच तपकिरी होतात, बाकी सगळं फिकट राहतं. काचवाल्याने तो चढवला. संध्याकाळी साहेबांनी आतून हाक मारली. ही काच त्याच्या बहिणीची आहे हे साहेबांना माहीत नव्हतं. कागदावर तिचं सासरचं आडनाव होतं.

"काप फार सुरेख आलाय. इतकं स्वच्छ मी क्वचितच बघितलं. बघणार?"

खोळ निघाली. समोरासमोर दोघे बसले. काचवाल्याला क्षणभर जुने दिवस आठवून बरंही वाटलं. मग त्याने डोळा लावला.

गाठ आतून तपकिरी दिसत होती. कडेची निळी रांग तशीच निळी राहिली होती, आणि आतल्या ज्या मोठ्या, फिकट पेशी त्याला गाठीच्याच वाटल्या होत्या, त्या तपकिरी होऊन गाठभर पसरल्या होत्या.

"या काय आहेत, साहेब?"

"याही शरीराच्याच. कचरा उचलायचा, जखम भरून काढायची, हे यांचं काम. गाठ यांना फसवते. आपण जखम आहोत असं भासवते. मग या तिची सेवा करतात. तिला रक्तवाहिन्या आणून देतात, वाढायला खाद्य देतात, पुढे पसरायला वाट मोकळी करून देतात. आणि मारणाऱ्या पेशींना आत येऊ देत नाहीत."

"पण कडेला पलटण..."

"कसली पलटण?"

काचवाल्याने सूक्ष्मदर्शकातला खुणेचा काटा निळ्या रांगेवर नेला.

"हां, त्या. त्या मारणाऱ्या जातीच्याच आहेत. पण बघा ना, एक तरी आत गेलीय का? बाहेरच उभ्या आहेत. गाठीने थांबा म्हटलंय, थांबल्यात. त्यांचा काडीचा उपयोग नाही." साहेबांनी काच काढली. "ही गाठ वेगाने पसरेल. लवकर औषध सुरू व्हायला हवं. झालंच असेल म्हणा."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून काचवाला मोठ्या बाईंच्या घरी गेला. बाई थकल्या होत्या, पण त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली. त्याने सगळं सांगितलं. बहीण, काच, कडेची रांग, हंगाम. शेवटी म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत माझं कधी चुकलं नाही. हेच कसं चुकलं?"

बाईंनी हातातल्या चष्म्याची काडी मिटली.

"भाऊ, मी तुम्हाला सोप्या काचा दाखवायची."

"म्हणजे?"

"दिवसभरातली जी अगदी स्पष्ट असेल, ज्यात कुणाचंही चुकणार नाही, ती मी मुद्दाम शेवटी ठेवायची. तुम्ही दिवसभर मान मोडून काम करायचात. वाटायचं, जाताना तुमचं मन राखावं. दोघांचाही दिवस चांगला संपायचा." त्यांचा आवाज उतरला. "अवघड काचा मी एकटीने बघायची. कडेला थांबलेल्या पेशी, फितवलेल्या पेशी, तेव्हा आम्हालाच त्यातलं थोडं कळायचं. तुम्ही बाहेर कुणाला सांगत असाल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही."

काचवाला उठला. त्याने खुर्ची जागेवर सरकवली. दारापर्यंत आलेल्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखा काप मात्र कुणाचा नव्हता. ते मी मनापासून म्हणायची."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांची शाबासकी, आणि ती लहान पोराला खाऊ द्यावा तशी दिलेली. बाईंवर चिडावं तर त्यांनी माया केली होती. आणि त्या मायेच्या जोरावर त्याने किती जणांना डोळे मिटून काय काय सांगितलं होतं ते एक एक तोंड आठवायला लागलं.

आता ताईकडे जायचं आणि सांगायचं. इतकी साधी गोष्ट. तो गेलाही. दुकानात एक गिऱ्हाईक बाई बसली होती आणि ताई तिला सांगत होती, "अहो, माझा भाऊ आहे ना तिथे. तो स्वतः बघून आला. डॉक्टर काय, घाबरवतातच. माझ्या भावाने सांगितलंय, अंग लढतंय." मग याच्याकडे वळून, "सांग रे यांना."

गिऱ्हाईक बाई आदराने बघत होती. काचवाल्याने मान हलवली. कशाला हलवली कुणास ठाऊक.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "ताई, त्या डॉक्टरांना एकदा भेटून तरी ये."

"तूच म्हणालास ना, घाई नाही?"

"हो, पण..."

"मग? झाले की हे एवढे गणवेश. आता नको डोकं खाऊ, बाही उलटी लागते."

तो पुन्हा आला, पुन्हा गेला. कधी ताईच्या हातात कात्री होती, कधी तिचा मूड चांगला होता, कधी वाईट. प्रत्येक वेळी कारण सापडायचं. खरं कारण एकच होतं आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. सांगितलं की तो पुन्हा बावळ्या होणार होता. एवढ्यासाठी त्याने बहिणीचे आठवडे जाऊ दिले. बायकोला त्याच्या तोंडावरून संशय आला. तिने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

शाळा उघडल्या. पोरं नवे करडे कपडे घालून रस्त्याने जायला लागली. त्याच सुमारास ताईने त्याला दुकानाच्या मागच्या बाजूला बोलावलं आणि काखेत हात धरून म्हणाली, "इथेही लागतंय रे काहीतरी. ही पण पलटणच का?"

तेव्हा तो बोलला. कापडाच्या ताग्यांकडे बघत सगळं बोलला. तपकिरी पेशी, बाहेर थांबलेली रांग, मोठ्या बाईंच्या सोप्या काचा. आणि हेही, की हे त्याला गणवेश निम्मेही झाले नव्हते तेव्हापासून माहीत होतं.

ताई ऐकत होती. या खेपेलाही मधे टोकलं नाही.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"ताई..."

"तेव्हा तुला समजलं नाही, ते सोड. समजायची अक्कल तुला कधी होती? मीच गाढव, तुला विचारलं. पण नंतर माहीत होतं आणि रोज येऊन चहा पीत होतास." तिने काखेतला हात काढला. "काय म्हणालास ते? बाहेर उभ्या राहतात, आत येत नाहीत. अगदी तुझीच जात रे."

त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. शिरेतून द्यायची जुनी औषधं तर होतीच, शिवाय एक नवं. डॉक्टरांनी भाचीला समजावलं, भाचीने ताईला, आणि काचवाला दाराशी उभा राहून ऐकत होता. गाठ राखणदार पेशींना थांबा म्हणते. हे औषध त्यांचं ऐकणंच बंद करतं. मग त्या आत घुसतात.

"आधी दिलं असतं तर?" भाचीने विचारलं.

"आधी गाठ छातीतच होती," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा कागद उलटला.

भाचीने मामाकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं.

केस गेले. ताईने त्याच करड्या कापडाची टोपी शिवली. "शाळेत घाला आता मला," ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली. गाठ उतरायला लागली. काखेतली तर हाताला लागेनाशी झाली. घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. काचवाल्याला वाटलं, सुटलो.

मग ताईचं पोट बिघडलं, ते थांबेना. मग दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढली की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, सोडलेल्या पेशी आता गाठीवर थांबत नाहीत. आतड्यावर, फुप्फुसावर तुटून पडल्यात. असं काही जणांना होतं. त्यांना आवरायला दुसऱ्या गोळ्या द्याव्या लागतील, आणि हे औषध बंद.

"झोपल्या होत्या तेव्हा उठत नव्हत्या," ताई धापा टाकत म्हणाली. "उठल्या तर मलाच खायला लागल्या. आमच्या घरातल्याच शोभतात."

गोळ्यांनी दम कमी झाला. चेहरा सुजला. ती पुन्हा दुकानात बसायला लागली, थोडा वेळ. पुढच्या हंगामाच्या कापडाचे तागे येऊन पडले होते. तेवढ्यात पोटाच्या फोटोत यकृतावर डाग दिसला. तो गाठीचा, की चवताळलेल्या पेशींनी केलेली सूज, हे फोटोवरून सांगता येईना. पुन्हा सुई, पुन्हा तुकडा. डाग सुजेचा निघाला तर ताईला पुढचा हंगाम बघायला मिळेल. गाठीचा निघाला, तर आता द्यायला फारसं काही उरलं नव्हतं.

सुईच्या आदल्या दिवशी ताईने त्याला दुकानात बोलावून घेतलं.

"तूच काप."

"मी? नको ताई. शेजारचा पोऱ्या चांगला..."

"तुझ्यासारखा काप कुणाचा नाही, असं त्या बाई म्हणायच्या ना? ते तरी खरं होतं?"

"ते खरं होतं."

"मग काप. त्या साहेबाला नीट दिसलं पाहिजे. पण तू बघायचं नाहीस. बघितलंस तरी तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं."

बाटली खाली आली. त्याने ठोकळा केला, गार केला, पातं नवीन लावलं. फीत सलग निघाली, पाण्यावर सोडल्यावर आरशासारखी पसरली. त्याने काच खाली घालून उचलली, रंगवली, ताटात ठेवली. त्या दिवसाच्या सगळ्या काचा आधीच आत गेल्या होत्या. ही शेवटची होती.

थोड्या वेळाने साहेबांनी हाक मारली. आता त्यांना सगळं माहीत होतं. "भाऊ, लावलीय. येणार का?"

दारातून सूक्ष्मदर्शकाचा दिवा दिसत होता. समोरची खुर्ची रिकामी होती. चार पावलं.

"नको, साहेब," तो म्हणाला, आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

परत जाताना तो ताईच्या दुकानावरून गेला. टाळता आलं असतं. ताई मशीनवर होती, करडी टोपी घालून. त्याला बघून पाय थांबवला.

"बघितलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही बघितलं, ताई. शपथ. साहेबांनी बोलावलं तरी गेलो नाही."

ताईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी काही फोडून आला की बघायची तसं, बराच वेळ. काचवाल्याने चेहरा नीट ठेवायचा प्रयत्न केला. पण त्याचा चेहरा गेले कित्येक महिने नीट राहत नव्हता, आज कुठून राहणार.

"असू दे," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना, तोंड उघडू नकोस. उघडायची गरजच नाही तुला."

"अगं, मला काहीच माहीत नाही! उद्या साहेबांचा अहवाल येईल, तो बघ. कदाचित सूज असेल नुसती. ताई, यावेळी तरी माझं ऐक. मी खोटं नाही बोलत."

"मागच्या वेळीही असाच बोलत होतास," ताई म्हणाली.

तिने मशीनवरचं कापड काढून घडी केली, कात्री त्यावर ठेवली, आणि समोरच्या कापडवाल्याला हाक मारून सांगितलं, की हे नवे तागे सकाळी उचलून न्या, मला नाही लागणार. काचवाला पायरीवर उभा होता. आत ये असं कुणी म्हणालं नाही, आणि तोही गेला नाही.